बोलून मरायचा नियम

नियम म्हणजे नियम, असं कुणी म्हणालं की माझं डोकं आजही सटकतं. कुणाचे नियम? कुणी केले, आणि केले तेव्हा आम्हाला विचारलं होतं का? एवढं विचारलं की समोरचा म्हणतो, बाई, तुम्ही भांडायलाच आलात का. हो, भांडायलाच आले. हे भांडण मी चौदाव्या वर्षी शिकले, घाटकोपरच्या आमच्या चाळीत, भुयारातल्या राक्षसांच्या एका खेळावरून. आणि जिच्यासाठी पहिल्यांदा भांडले तिनेच मला गप्प केलं, हेही सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई स्वतःचीच आरती ओवाळतेय.

माझा मामा बोटीवर होता. अंधेरीला त्याचा फ्लॅट, मुलगा इंग्रजी शाळेत. मामेभावाला आखूड झालेल्या पँटी आमच्या दादाला यायच्या, मामीच्या जुन्या साड्या आईला. त्या मे महिन्यात पँटींबरोबर एक पुठ्ठ्याचा डबा आला. झाकणावर आग ओकणारा पंखवाला साप, आत एक इंग्रजी पुस्तक आणि दोन-चार विचित्र आकाराचे फासे. मामाने परदेशातून आणलेला. त्यातला वीस बाजूंचा मुख्य फासा मामेभावाने हरवला होता. फासा नाही म्हणजे खेळ बाद, आणि बाद झालेली वस्तू आमच्याकडे यायची हा ठरलेला रिवाज.

पुस्तक मी वाचलं. मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलेली मी, शब्दकोश मांडीवर घेऊन रोज दीड पान. आईला झाकणावरचं चित्र बघूनच घाम फुटला. "ह्यो भुताखेतांचो खेळ माज्या घरात नको," म्हणाली. म्हणून आम्ही गणपती मंडळाच्या खोलीत बसायला लागलो, रविवारी दुपारी, कॅरम बोर्डाच्या बाजूला चटई टाकून.

खेळ असा. एक जण सांगतो, बाकीचे खेळतात. खेळणाऱ्या प्रत्येकाचा कागदावर एक माणूस असतो. त्याचं नाव, त्याची ताकद, अक्कल, किती मार सोसेल, सगळं लिहिलेलं. सांगणारा म्हणतो, तुम्ही भुयाराच्या तोंडाशी उभे आहात, आत अंधार आहे, कसला तरी कुजका वास येतोय, तू काय करतोस? तू मग काहीही कर. आत शीर, पळून जा, दगड मारून बघ. जमलं की नाही ते फासा ठरवतो. पट नाही, घरं नाहीत, शेवट नाही. माणूस मेला की कागद फाडायचा आणि नवा घ्यायचा. पुस्तक मी वाचलेलं, म्हणून सांगणारी मी. दादा वाद घालत होता, पण त्याला दीड पान वाचायचा कंटाळा होता.

फाशाचं काय करायचं? मंडळाच्या कपाटात हाउजीचा संच होता, गणपतीत बायका खेळायच्या तो. त्यातले एक ते वीस नंबर काढले, शबनम पिशवीत टाकले, झालं. दहाच्या वर आला तर जमलं, दहा किंवा खाली आला तर फसलं. आणि इथे आम्ही एक चूक केली. आम्ही काढलेला नंबर परत पिशवीत टाकायचोच नाही. हाउजीत एकदा आलेला नंबर परत येतो का कधी? चटईवर ओळीने मांडून ठेवायचा. वीसही बाहेर आले की मग सगळे परत आत. फासा टाकला तर एकच आकडा लागोपाठ दोनदा पडू शकतो, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. सहा महिने आम्ही असं खेळलो आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही.

खेळणारे तीन. दादा, त्याला फक्त मारामारी हवी. दार दिसलं की लाथ, डोकं दिसलं की तलवार. दुसरा वरच्या मजल्यावरचा पोरगा, त्याला नकाशे काढायचा नाद. राक्षस कुठून आला याचं त्याला काही नव्हतं, भुयार डावीकडे किती पावलं गेलं ते सांग म्हणायचा. आणि तिसरी माझी मैत्रीण, तीन दारं सोडून राहणारी.

तिचं सांगते. तिचे वडील विक्रोळीला कारखान्यात फिटर, मूळचे बुलढाण्याकडचे. पाच भावंडांत ती सगळ्यात मोठी. सकाळी पाणी भरणं तिच्याकडे, धाकट्यांचे डबे तिच्याकडे, आणि घरात कुठली गोष्ट ठरली की ती तिला शेवटी कळायची. वर्गात पहिल्या पाचांत, पण बाईंनी विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. या खेळात मात्र तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. तिला राक्षसांशी बोलायचं असायचं. पहिल्याच रविवारी दाराशी एक गदा घेतलेला राक्षस ठेवला होता मी. दादा तलवार उपसतोय तोवर हिने त्याला विचारलं, तुझी ड्युटी कितीला सुटते? मी काय बोलणार? म्हटलं, सुटतच नाही, तीनशे वर्षं उभा आहे. मग हिने विचारलं की डबा कोण आणतं, बदली माणूस मागितलास का, मालकाला शेवटचं कधी पाहिलंस. पाव तासात राक्षस रडकुंडीला आला आणि बाजूला झाला. दादाचा संताप झाला, आणि मी मात्र जाम खूश.

आणि नंबरांचा हिशेब तिच्याच डोक्यात असायचा. चटईवरची ओळ बघून ती सांगायची, आता आत मोठे नंबर जास्त आहेत, दादा, मार आत्ता. किंवा, थांब, बारके उरलेत, आत्ता हात लावू नकोस. दादा तिचं ऐकायचा. माझ्या सख्ख्या भावाने जन्मात माझं ऐकलं नाही, पण तिचं ऐकायचा. तिघंही तीन तऱ्हेने खेळायचे आणि एकाच भुयारात खेळायचे. मला वाटायचं, झकास चाललंय.

दिवाळीच्या सुट्टीत मामेभाऊ आला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच्या खिशात नवा वीस बाजूंचा फासा, मामाने दुसरा आणून दिला होता. डबा आता पुन्हा त्याला हवा होता, पण आधी खेळून बघू म्हणाला. मंडळाच्या खोलीत आला, चटईवरची नंबरांची ओळ पाहिली आणि पोट धरून हसला. सहा महिने तुम्ही चुकीचं खेळलात, म्हणाला. पिशवी बाजूला सारली आणि माझ्या जागी बसला. मी उठले. का उठले, देव जाणे. डबा त्याचा होता, म्हणून उठले असेन.

मग त्याने पुस्तक उघडून गुण मोजले. पुस्तकात राक्षस मारण्याचे गुण होते. बारका मारला तर कमी, मोठा मारला तर जास्त, आणि पुरेसे झाले की तुमचा माणूस एक पायरी वर चढतो, जास्त मार सोसतो. दादा तीन पायऱ्या वर. नकाशेवाला दादाच्या मागे उभं राहून दगड मारायचा, तो एक पायरी वर. माझी मैत्रीण शून्य. सहा महिन्यांत तिने एकालाही मारलं नव्हतं. मी तिला प्रत्येक वेळी दादाइतकेच गुण दिले होते, ते त्याने तिच्या कागदावरून खोडरबरने पुसून टाकले. तिच्यासमोर पुसले. ती कागदाकडे बघत बसली.

खालच्या भुयारात शून्यवाली गेली तर पहिल्या फटक्यात मरणार, आता काय करायचं, असा प्रश्न आला. दादा म्हणाला, "तिला कच्चा लिंबू घेऊ ना."

मुंबईत लहानपण गेलेल्याला हे समजवायला नको, बाकीच्यांना सांगते. खेळात एखादं शेंबडं भावंड मधे आलं की त्याला कच्चा लिंबू करतात. तो धावतो, आऊट झाला तरी आऊट नाही, आणि त्याचं काही मोजायचंही नाही. त्याला वाटतं आपण खेळतोय. दादा वाईट बुद्धीने बोलला नव्हता, ती यावी म्हणूनच बोलला होता. पण ती उठली, चपला घातल्या, पाणी यायची वेळ झाली म्हणाली आणि गेली. पाणी आमच्याकडे सकाळी यायचं.

पुढच्या दिवशी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. हाक मारली तर धाकट्या भावाला गॅलरीत पाठवून सांगायची, काम आहे. मला तिच्याशिवाय खेळायचंच नव्हतं, आणि ती परत येणार नाही या भीतीने मला जेवण जात नव्हतं. तिला आठवडाभरात 'तू काय करतेस?' असं विचारणारी ती एकच जागा होती. आणि खरं सांगू? मलाही तिच्याइतकं कान देऊन ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग मी पुस्तक घेऊन बसले. तीन दिवस, पहिल्या पानापासून. आधी मी कामापुरतं वाचलं होतं, आता मामेभावाला पुस्तकातूनच धोपटायचं म्हणून वाचलं. मारायचे नियम पानंच्या पानं होते, कुठल्या शस्त्राने किती, पाठीमागून वार केला तर किती. बोलायचा नियम शोधून शोधून एक सापडला, चार ओळींचा: सांगणाऱ्याला योग्य वाटेल तसं ठरवावं. राक्षसाशी बोलावं असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी पुस्तकवाल्याकडे चार ओळी! पण शेवटच्या पानावर मला हवं ते मिळालं. तिथे लिहिलं होतं की हे सगळे नियम मदतीपुरते आहेत, तुमच्या मंडळींना जसा खेळ हवा तसे ते बदला, काही टाका, काही नवे करा.

मी ते पान मामेभावाच्या नाकासमोर धरलं. त्याने वाचलं. वाचून म्हणाला, "ते ज्यांना खेळ नीट येतो त्यांच्यासाठी आहे."

बस. डबा उचलला, फासे आत टाकले, पुस्तक टाकलं, झाकण लावलं आणि त्याच्या हातात दिला. म्हटलं, घेऊन जा अंधेरीला, आम्हाला खेळ येतो. तो आईकडे गेला. आईने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की श्वास अडकला. मामाकडची वस्तू अशी परत करतात, उद्या अडीअडचणीला कोण येणार आहे, बापाची गिरणी बंद पडली तेव्हा कोण आलं होतं? आईचं चूक नव्हतं. माझंही नव्हतं. मी माफी मागितली नाही, रात्री जेवलेही नाही, आणि दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही काढून नियम लिहायला बसले.

मराठीत लिहिले, निळ्या शाईत. नंबर पिशवीत परत जाणार नाही, हा पहिला. कारण तसं खेळलं की थांबणाऱ्याला, मोजणाऱ्यालाही काम मिळतं, फासा नुसता धडाधड टाकला की फक्त धडका देणाऱ्याची चैन. मारण्याचे गुण तसेच ठेवले. पण वाट शोधली, नकाशा बरोबर निघाला तरी तेवढेच गुण. आणि राक्षसाला बोलून बाजूला केलं, तरी मारल्याइतकेच गुण. ज्याला जसं खेळायचं तसं खेळा, पण पायरी सगळ्यांना सारखी. लिहून झाल्यावर मी वही बघून स्वतःवर इतकी खूश झाले की विचारू नका.

वही घेऊन तिच्या दारात गेले. तिची आई भाकऱ्या थापत होती, ये बस म्हणाली. ती आतून आली, ओल्या हातांनी वही घेतली, उभ्यानेच वाचली. दोनदा वाचली. मी वाट बघत होते की ही आता हसेल. तिने वही मिटून मला परत दिली.

"हा बोलायचा नियम तू माझ्यासाठी केलास," ती म्हणाली. "म्हणजे मी कच्चा लिंबूच ना गं."

मी भडकले. म्हटलं, आईचा मार खाल्ला, डबा परत केला, मामाशी वाकडं घेतलं, कुणासाठी? तुला काही कदर आहे का? तिने मला बोलू दिलं. मग हळू आवाजात सांगितलं. दादा तलवार मारतो तेव्हा नंबर काढतो. बारका आला तर त्याला मार बसतो, दोनदा तर तो मेलाय. मी बोलते तेव्हा तू मला नंबर काढायला लावतेस का? कधीच नाही. तुला माझं बोलणं आवडतं, म्हणून राक्षस बाजूला होतो. मी कधी फसलेच नाही. "गुण सारखे केलेस, पण मरण फक्त त्यांनाच ठेवलंस."

चौदा वर्षांची असले तरी एवढं कळत होतं की पोरगी बरोबर बोलतेय आणि मी फुशारकीत होते. तिचे वडील घरात नेहमी म्हणायचे, मेहेरबानीने दिलेल्या खुर्चीवर बसायचं नाही. ते मी शंभरदा ऐकलं होतं. ती मेहेरबानी माझीही असू शकते, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

तिने माझ्याकडून पेन मागितलं. चुलीजवळ बसून वहीत एक ओळ लिहिली: बोलणाऱ्यानेही नंबर काढायचा, आणि समोरचा जीव घेणारा असेल आणि नंबर फसला, तर बोलणारा मरेल. अक्षर नेहमीसारखं नेटकं. मग म्हणाली, आता येते.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं बसलो. डबा नाही, इंग्रजी पुस्तक नाही. शबनम पिशवी, वही आणि कागद. तिचा माणूस शून्य गुणांपासून सुरू करायचा असं तिनेच ठरवलं, पुसलेले गुण तिला परत नको होते. दादाला ती नवी ओळ वाचून दाखवली तेव्हा तो म्हणाला, हे काय भलतंच, बोलून कोण मरतं? वरच्या मजल्यावरचा कधी नव्हे ते बोलला, असू दे की, आपल्या चाळीत तलवारीने तरी कोण मरतं?

त्या दिवशी भुयाराच्या तळाशी एक अजगर ठेवला होता मी. झऱ्यावर वेटोळं घालून बसलेला, त्याने वरच्या गावाचं पाणी तोडलेलं. तिथे पोचेपर्यंत पंधरा नंबर बाहेर आले होते. दादाच्या दोन लढायांत अकरा गेले होते, नकाशेवाल्याने चोरवाटा शोधताना चारदा पिशवीत हात घातला होता. ती अजून थांबली होती. चटईवरची ओळ सगळ्यांना दिसत होती. आत उरले होते पाच: तीन, बारा, चौदा, सतरा, एकोणीस. पाचांतले चार चांगले. दादा म्हणाला, मारू? नकाशेवाला म्हणाला, मागून एक फट आहे, वेटोळ्याखालून पाणी वळवता येईल. दोन्ही चाललं असतं. वहीत दोन्हीला सारखेच गुण होते.

"थांबा रे," ती म्हणाली, "मी बोलते."

आणि बोलली. अजगराला तिने विचारलं, तुला तहान किती आहे? एवढं पाणी तू पितोस का, की नुसता बसून आहेस? वरच्या गावात पहाटे चार वाजता हंडे घेऊन रांग लागते, तिथे उभं राहून बघितलंयस का कधी? तू हललास तरी झरा तुझाच राहील, कुणी नेणार नाही, पण पाणी वर जाऊ दे. तिने हात वर करून, मान ताठ करून सांगितलं, आणि मला त्या अजगराला तिथल्या तिथे हलवावंसं वाटलं. सांगणारी मी होते. मी म्हणाले असते, हलला, तर झालं असतं. दातांवर दात दाबून म्हटलं, नंबर काढ.

तिने हात घातला. चाचपडली नाही, पहिला हाताला लागला तो काढला. तीन.

दादा पिशवी तिच्यापुढे सरकवत म्हणाला, जाऊ दे गं, टाक आत, परत काढ, कोण बघतंय. माझ्या भावाचं मन मोठं आहे, पण त्या क्षणी मला त्याचा गळा दाबावासा वाटला. तिने पिशवी त्याच्याकडे परत सरकवली. तीनचा नंबर चटईवरच्या ओळीत स्वतः नेऊन ठेवला, नीट सरळ केला.

मला म्हणाली, सांग.

मी सांगितलं. अजगराने तुला गिळलं. काही वगळलं नाही, आधी पाय, मग कंबर, मग सगळं. दादाने मान खाली घातली. तिने आपला कागद उचलला आणि मधोमध फाडला, मग पुन्हा फाडला, आणि चारही तुकडे माझ्यासमोर ठेवले. तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. बाई हसत होती.

"मेले ना मी?" ती म्हणाली. "म्हणजे खेळत होते."

आणि दादाच्या हातातली पेन्सिल काढून घेऊन तिने नव्या कागदावर नाव लिहायला घेतलं.